कीर्तनकार, गुरव, मुजावर यांना मनोरुग्णांच्या कामात सोबत घ्यावं का?

रानजाई

प्रश्न सरळच विचारते. आमच्या टीममध्ये यावरून दोन तट पडलेत आणि मला बाहेरची मतं हवी आहेत, म्हणून हा धागा काढला.

मी बुलढाणा जिल्ह्यात मानसिक आरोग्याच्या एका प्रकल्पात सोशल वर्कर आहे. आमच्या केस पेपरच्या पहिल्याच पानावर 'याआधी कुठे दाखवलं?' असा रकाना आहे. त्यात डॉक्टरचं नाव सहसा तिसरं-चौथं येतं. आधी गावातला देवऋषी, अंगारा, लिंबू-उतारा. मग कुणीतरी सांगितलं म्हणून सैलानी बाबांचा दर्गा. मामाकडचे दत्तभक्त असतील तर गाणगापूर. हाताशी पैसा असेल तर त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी. एवढं सगळं होईतो पोराचं अख्खं कॉलेज गेलेलं असतं आणि बापाची बैलजोडी विकलेली असते.

आम्ही शहरी शिकलेली माणसं इथे लगेच कपाळाला हात लावतो. पण दर्ग्याच्या आवारात तासन्‌तास बसून बघितलंत तर आणखी एक गोष्ट दिसते. तिथे त्या पोराला कुणी 'येडा' म्हणून हाकलत नाही. त्याची आई दुसऱ्या चार आयांशी बोलते, रडते, एकमेकींच्या डब्यातलं खातात. गावात तिचं पाणी भरणंही अवघड झालेलं असतं. हे आम्ही ओपीडीतल्या दहा मिनिटांत देऊ शकत नाही, आणि दिलं असं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं.

याची काळी बाजू कुणी मला सांगायला नको. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ, मनोरुग्ण ठेवलेल्या एका झापाच्या शेडला आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तिथली असली 'होम्स' बंद झाली. लोकांचं एरवाडीला जाणं मात्र थांबलं नाही.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार दर्गा आहे. तिथे २००८ पासून 'दवा आणि दुआ' असा कार्यक्रम चालतो. अल्ट्रुइस्ट नावाची संस्था आणि गुजरात सरकार मिळून. मानसोपचारतज्ज्ञ दर्ग्याच्या आवारातच बसतात. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं आहे. ते दुआ करतात आणि त्याच तोंडाने सांगतात, आता त्या खोलीत जाऊन डॉक्टरला दाखव. नंतर तामिळनाडू सरकारने एरवाडीतही असंच केलं.

आमच्याकडे असं काही करावं असं मला वाटतं. निदान तालुक्यातले कीर्तनकार, देवळांचे गुरव, दर्ग्याचे मुजावर, चर्चचे फादर यांना दोन दिवस बोलवावं. आजाराचं निदान करायला शिकवायचं नाही. कुणाला ताबडतोब डॉक्टरकडे न्यायचं, चालू गोळ्या बंद करायला का सांगायचं नाही, आणि ओली बाळंतीण झोपेनाशी झाली, भलतंच बोलायला लागली, बाळाकडे बघेनाशी झाली तर तिला 'लागीर' म्हणून उतारा करत बसायचं नाही, तासाभरात दवाखाना गाठायचा. एवढं जरी पोचलं तरी एखादी बाई आणि एखादं बाळ वाचेल.

टीममधला एक सहकारी म्हणतो, तू यांना आत घेतलंस की त्यांच्या दुकानावर शासनमान्यतेची पाटी लागेल.

तुम्हाला काय वाटतं?

अनिकेत_साताराकर

तुमचा सहकारी बरोबर आहे. तुम्ही दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र देणार ना? ते लॅमिनेट होऊन बाबाच्या गादीमागे लागेल. पुढच्या पौर्णिमेला दर वाढेल.

महाराष्ट्राला या विषयात एक इतिहास आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हे गुन्हे आहेत. एवढं झाल्यावर आपणच त्यांना चहापाणी देऊन 'भागीदार' म्हणायचं?

परिवर्तन संस्थेवाल्यांनी साताऱ्यात मानसमित्र तयार केले. साधी माणसं, शिक्षक, कार्यकर्ते. गावातल्या माणसाला प्रशिक्षण द्यायचंच तर आशाताईला द्या, अंगणवाडीच्या ताईला द्या, तलाठ्याला द्या. भगतच का?

भूपाळी

अनिकेतला +१. तलाठ्याचं सोडून. तलाठ्याकडे गेल्यावर नसलेला आजार होतो.

मनोवैद्य

सतरा-अठरा वर्षं जिल्ह्याच्या गावी मानसोपचाराची प्रॅक्टिस करतोय. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण एक गल्लत होतेय ती आधी काढू.

अनिकेत, तुम्ही सांगितलेल्या त्याच कायद्यात पुढे एक कलम आहे. हरिकीर्तन, प्रवचन, भजन, वारी, प्रदक्षिणा हे सगळं त्यातून स्पष्टपणे वगळलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही कीर्तनकार आणि मांत्रिक यांतला फरक कळत होता. या धाग्यात आपण दोघांना एकाच खाटेवर बसवतोय. जो 'मी बरा करतो' म्हणून पैसे घेतो त्याला प्रशिक्षणाला बोलावू नका, त्याच्यासाठी पोलीस स्टेशन आहे. जो बरं करण्याचा दावा करत नाही पण ज्याच्याकडे लोक मन मोकळं करतात, त्याला जरूर बोलवा.

आता कीर्तनकारांनाच का, याचं माझ्याकडे फार ठोस कारण आहे. माळ.

आमच्या भागात दारू सोडायचा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात चालणारा मार्ग म्हणजे माळ घालणं. घरचे, महाराज, दिंडीतली मंडळी सगळ्यांसमोर तुळशीची माळ गळ्यात पडते आणि माणूस त्या दिवसापासून थेंबाला शिवत नाही. यातून सुटलेले कितीतरी जण मी पाहिलेत आणि त्याचं श्रेय माझ्या गोळ्यांना नाही. नुसता निश्चय असता तर टिकला नसता. माळेबरोबर नवे मित्र मिळतात, संध्याकाळी जायला जागा मिळते, एकादशी मिळते, आणि 'माळकरी' म्हणून मान मिळतो. व्यसनमुक्तीत यालाच आम्ही मोठमोठी नावं देतो.

पण रोज क्वार्टर-क्वार्टर करत बाटलीवर गेलेला माणूस एका दिवसात दारू तोडतो तेव्हा काय होतं ते बघा. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास तो अंथरुणावरचे नसलेले किडे वेचायला लागतो, अंगावरच्या मुंग्या झटकतो, भिंतीवर माणसं दिसतात, बायकोला ओळखत नाही, ताप चढतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार नाही झाले तर माणूस मरतो. घरच्यांना काय वाटतं? माळ घातली आणि काहीतरी विटाळ झाला. देव कोपला. मग त्याला उचलून दवाखान्याच्या उलट दिशेला नेतात.

माळ घालणाऱ्या महाराजांनी एकच वाक्य विचारायचं असतं: 'बाबा, सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का?' हो म्हणाला तर आधी डॉक्टर, पाच-सात दिवसांच्या गोळ्या, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं, मग माळ. किंवा माळ आजच घाला, पण त्याला रात्री ॲडमिट करा. या एका वाक्यासाठी मी सप्ताहाच्या मांडवात दिवसभर बसायला तयार आहे. आशाताई हे वाक्य बोलू शकते, पण माळ घालायच्या क्षणी तिथे आशाताई नसते.

अनिकेत_साताराकर

माळेचा मुद्दा मान्य. मांत्रिक आणि कीर्तनकार वेगळे, हेही मान्य. पण मुजावर? सैलानीला? तिथे दोन्ही एकाच आवारात असतात.

टाळकरी

जय हरी. मी कीर्तन करतो. मोठा फड वगैरे नाही, पंचक्रोशीतला माणूस. मनोवैद्य साहेबांचं वाचून अंगावर काटा आला, कारण ते किडे वेचणं मी डोळ्यांनी बघितलं आहे. तो माणूस वाचला, पण त्याला कुणीतरी अकोल्याला नेलं म्हणून वाचला. आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं काय चाललंय.

रानजाईताई, तुमच्या शिबिराला आमच्यातले लोक येतील, पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

आम्हाला बोलावून 'अंधश्रद्धा' वर दोन तास व्याख्यान दिलंत तर दुसऱ्या दिवशी मांडव रिकामा असेल. आमचे संत आम्हाला हेच शिकवून गेले, नवसाने पोरं होत नाहीत हे तुकोबांनी चारशे वर्षांपूर्वी सांगितलं. ते आम्हाला आमच्याच घरात येऊन शिकवायची गरज नाही. फिट, भास, झोप, गोळी हे आम्हाला माहीत नाही, ते शिकवा.

दुसरं असं की आम्ही काय बोलू नये हेही सांगा. कीर्तनात आत्महत्येचा विषय निघतो. शेतकऱ्यांच्या गावात तो टाळताच येत नाही. काही महाराज गर्जून सांगतात की आत्महत्या करणारा नरकात जातो, अमुक योनीत फिरतो. समोर त्या गेलेल्या माणसाची बायको बसलेली असते. तिला पुढचं सहा महिने कोण बघणार? हे मी बोललो तर आपसातली टीका होते. डॉक्टरांनी सांगितलं तर ऐकतील.

रानजाई

टाळकरी दादा, हे दुसरं तर मी प्रशिक्षणात पहिल्याच तासाला घेणार. त्या नरकाच्या वाक्याने जो मनात तसा विचार घेऊन बसलाय तो थांबत नाही, फक्त कुणाला सांगायचं बंद होतो. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही भूमिका बदलली आहे, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरायचं. देवळात एवढं जरी बोललं गेलं की 'असे विचार येणं पाप नाही, येत असतील तर मला येऊन सांग', तरी पुष्कळ.

सई_प

मी इथे फारशी लिहीत नाही. मला बायपोलर आहे, म्हणजे कधी मन अतोनात उंच उडतं, कधी खोल बुडतं. पुण्यात असते, गोळ्या चालू, नोकरी चालू.

पेशंटच्या बाजूने दोन शब्द, कारण आत्तापर्यंत सगळे 'यांना कसं शिकवायचं' यावरच बोलताहेत.

माझा पहिला मोठा एपिसोड नवरात्रातला. आमच्याकडे नऊ दिवस जागरण, आरत्या, घट. मी झोपतच नव्हते आणि मला झोप नकोच होती. सहाव्या माळेला मला कळलं की देवीने मला निवडलंय. शेजारच्या बायका पाया पडायला लागल्या. दोन दिवस हे चाललं! कुणाला वाटलं नाही की ही मुलगी आजारी आहे, कारण त्या नऊ दिवसांत असं 'येणं' आमच्याकडे बसतं. झोप तुटणं हे मॅनियाला, म्हणजे त्या उंच उडण्याला, निमंत्रण असतं हे मला नंतर कळलं. आता मी भजनी मंडळात आहे, पण दहाला घरी. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी आग्रह करत नाही. तेवढं व्हायला मात्र वेळ लागला. मधे एक काकू होत्याच, 'गोळ्या किती दिवस घेणार गं, नाम घे'.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. बरी झाल्यावर मला देवघरासमोर बसता येईना. जे मला सगळ्यात खरं वाटलं होतं ते आजाराचं लक्षण होतं असं सगळे म्हणत होते. मग त्याआधीची माझी भक्ती काय होती? तीही लक्षण? डॉक्टरांकडे हा प्रश्न काढला तर त्यांनी डोस बघितला. घरात काढला तर घरचे घाबरले, पुन्हा सुरू झालं की काय. ज्यांच्याशी बोलता आलं ते आमच्या सोसायटीतले एक निवृत्त संस्कृतचे सर, रोज पूजा करणारे. त्यांनी एवढंच केलं की ऐकून घेतलं आणि म्हणाले, तापात माणूस आईला हाका मारतो, म्हणून आई खोटी होत नाही.

उपचारात हे कुठेच बसत नाही का?

मनोवैद्य

सई, बसायला हवं. जागतिक मानसोपचार संघटनेने २०१६ मध्ये याबद्दल भूमिका जाहीर केली आहे. पेशंटच्या धर्म-श्रद्धेबद्दल विचारणं हा हिस्टरी घेण्याचा नेहमीचा भाग असावा, डॉक्टर स्वतः आस्तिक असो की नास्तिक, धर्मगुरूंबरोबर काम करायची तयारी असावी. आणि डॉक्टरने आपला धर्म किंवा आपला नास्तिकपणा पेशंटवर लादू नये, दोन्ही. प्रत्यक्षात ओपीडीत साठ पेशंट असतात आणि हा प्रश्न पहिला गळतो. मी हल्ली एवढंच विचारतो, 'फार वाईट दिवस असतो तेव्हा कशाचा आधार वाटतो?' उत्तरात अर्ध्या वेळा देव येतो. आणि कधी कधी 'देवाने मला टाकलंय' असं येतं. ते उत्तर आलं की मी सावध होतो. देवावर रागावलेला, देव शिक्षा करतोय असं धरून बसलेला पेशंट बरा व्हायला जास्त झगडतो, यावर अमेरिकेत पार्गमेंट यांनी बरंच काम केलंय. श्रद्धा औषधासारखी सगळ्यांना एकाच बाजूने लागू पडते हे गृहीतच चूक आहे.

शबाना_म

सईचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आमच्याकडचे दोन व्यावहारिक मुद्दे. रमजानमध्ये लिथियमवरचे (बायपोलरमध्ये देतात ती गोळी) पेशंट न सांगता रोजे धरतात, उन्हाळ्यात आला रमजान की दिवसभर पाणी नाही. लिथियमची पातळी शरीरातल्या पाण्या-मिठावर अवलंबून असते. उलट्या, हाताची मोठी थरथर, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं असं झालं तर ती इमर्जन्सी. डॉक्टर म्हणतात रोजा सोड, पेशंट म्हणतो गुन्हा होईल. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनी शुक्रवारी मशिदीत उभं राहून सांगितलं की आजारी माणसाला सवलत कुराणातच आहे, आणि ज्यांच्या गोळ्या सहेरी-इफ्तारला बसवता येतील त्यांनी शाबानमध्येच, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, डॉक्टरांना विचारून घ्यावं. डॉक्टरने शंभर वेळा सांगून जे झालं नव्हतं ते झालं. निर्जळी एकादशीवाल्यांनाही हे लागू आहे बरं का.

दुसरं, ओसीडी, म्हणजे तीच शंका, तीच कृती पुन्हा पुन्हा. वजू (नमाजआधीचं हात-पाय-तोंड धुणं) करताना झालंच नाही असं वाटून पुन्हा पुन्हा हात-पाय धुणं. आमच्याकडे याला वसवसा म्हणतात, सैतान मनात शंका घालतो असं. माझ्या चुलतभावाची थेरपिस्ट शहाणी होती. तिने त्याला सरळ मौलानांकडे पाठवलं, विचारून ये, एकदा वजू केली तर नमाज होते का. मौलाना म्हणाले, होते, आणि शंका आली तरी उठून पुन्हा करायची नाही. त्यानंतर थेरपीत ती शंका अंगावर घेऊन बसून राहायचं, न धुता, हे त्याला जमायला लागलं. पण एकदाच विचारायचं ठरलं होतं. रोज विचारायला गेला असता तर तोच नवा आजार झाला असता.

टाळकरी

शबानाताई, सोवळ्या-ओवळ्याचं आमच्याकडे अगदी हेच. एका बाईंची कातडी सोलून निघाली होती.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये मानसिक आजारांच्या वॉर्डात नर्स आहे. इथे एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) हॉस्पिटलांत चॅप्लेन, म्हणजे पेशंटशी बोलणारे धर्मगुरू, पगारावर असतात. पूर्वी फक्त ख्रिश्चन, आता मुस्लिम, हिंदू, शीख, आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांसाठीही असतात. पेशंटची हरकत नसेल तर ते टीमबरोबर बोलतात. धर्मप्रसार केला तर नोकरी जाऊ शकते.

एक आजी होत्या, मुलाकडे इथे आलेल्या, सांगली भागातल्या. तीव्र डिप्रेशन, जेवण सोडलेलं. दुभाषी फोनवर. काहीच बोलेनात. आमचे हिंदू चॅप्लेन गुजराती, त्यांनी मोडक्या हिंदीत गप्पा मारून काढून घेतलं की यंदा कुलदेवीची ओटी भरायची राहिली, आणि हे सगळं त्यामुळेच झालं असं त्या धरून बसल्यात. डॉक्टरांनी ते 'अपराधीपणाचे विचार' म्हणून लिहिलं, ते बरोबरच. पण चॅप्लेननी मुलाला सांगून गावाकडच्या पुतणीला देवळात पाठवलं आणि व्हिडिओ कॉलवर ओटी भरली. आजींनी इकडून हात जोडले. त्या दिवशी डाळभात खाल्ला. नंतरही इसीटी (शॉक ट्रीटमेंट) लागली, औषधं लागली, नुसत्या ओटीने काही झालं नाही. पण उपचाराला आजी 'हो' म्हणाल्या त्या दिवसानंतरच.

अनिकेत_साताराकर

किस्से छान आहेत पण किश्श्यांवर धोरण ठरत नाही. 'देवळात राहून मनोरुग्ण बरे होतात' असा तो २००२ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला लेख अजून कुणी इथे टाकला नाही याचं आश्चर्य वाटतंय. व्हॉट्सॲपवर दर वर्षी फिरतो.

रानजाई

मीच टाकणार होते. :) बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. रघुराम आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास. तामिळनाडूतलं एक देऊळ, ३१ मनोरुग्ण, बहुतेक स्किझोफ्रेनियाचे, सरासरी सहा आठवडे राहिले. औषध नाही. लक्षणांची मोजपट्टी जवळपास २० टक्क्यांनी उतरली. मला त्यातली खरी गंमत वेगळीच वाटते: तिथे उपचाराचा कसलाही खास विधी नव्हता. सकाळची पूजा, मग झाडलोट, झाडांना पाणी, इतरांबरोबर राहणं. पैसे नाहीत. बरोबर घरचं माणूस.

तुलनेला दुसरा गट नव्हता हे मान्य. माणूस सगळ्यात वाईट अवस्थेत देवळात येतो, मग काही आठवड्यांत थोडं उतरणारच, हेही मान्य. त्यामुळे 'देऊळ औषधाची जागा घेतं' असा अर्थ त्यातून निघत नाही. पण घाना आणि नायजेरियात २०२० साली एक नीट चाचणी झाली, लॅन्सेटमध्ये आली. ३०७ सायकोसिसचे (भास-भ्रम होणाऱ्या आजारांचे) रुग्ण, सगळे पारंपरिक किंवा चर्चच्या उपचारकांकडे राहणारे. अर्ध्याअधिक ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी तिथेच जाऊन औषध देत होते, उपचारकांबरोबर बसून ठरवत होते. सहा महिन्यांनी त्या गटातले रुग्ण दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त सुधारलेले होते. म्हणजे बाबा एकटा नाही, डॉक्टर एकटा नाही.

अनिकेत_साताराकर

हा अभ्यास मला माहीत नव्हता. वाचतो. तरी माझा एक मुद्दा राहतोच. त्या ठिकाणी साखळी दिसली तर? तुम्ही 'संबंध बिघडतील' म्हणून गप्प बसणार का?

रानजाई

नाही. २०१७ च्या कायद्याचं कलम ९५, कुठल्याही प्रकारे साखळीने बांधणं बंद, अपवाद नाही. आणि मनोरुग्णांना उपचारासाठी ठेवून घेणारी जागा, नाव काहीही असो, मठ असो की आश्रम, तिची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं. ज्याला हे पटत नाही त्याने जेवून घरी जावं. प्रमाणपत्र कुणालाच नाही, तुमचा लॅमिनेशनचा मुद्दा टीमने एकमताने स्वीकारला आहे. फोटोही नाही. कागद जाईल तो फक्त एक, देवळाच्या-दर्ग्याच्या दारात चिकटवायला, आमच्या ओपीडीचा वार आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर.

तुम्ही कायद्याचं सत्र घ्याल का? गंभीरपणे विचारतेय.

मांडवीकाठ

गोंयातून देव बरें करूं. आमच्याकडे एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा कित्येक ठिकाणी चर्चच्या हॉलमध्येच होतात, पाद्री किल्ली देतो आणि निघून जातो. मला ते मॉडेल आवडतं. जागा द्यायची, तोंड घालायचं नाही. कन्फेशनमध्ये काय सांगितलं ते पाद्री डॉक्टरलाही सांगणार नाही, म्हणून लोक आधी तिथे बोलतात. पण चांगला पाद्री कन्फेशन संपल्यावर बाहेर येऊन म्हणतो, 'उद्यां बांबोळीक वच, हांव येतां तुजेवांगडा.' (उद्या बांबोळीच्या हॉस्पिटलात जा, मी येतो तुझ्याबरोबर.) तुमच्या प्रशिक्षणात हे गुपिताचं घ्याच. कीर्तनकाराला कुणी काही सांगितलं आणि ते पारावर फुटलं तर खेळ खल्लास.

विदर्भपुत्र

सगळं वाचलं. चांगलं चाललंय. पण एक भाबडा प्रश्न. हे सगळे मिळून रुग्ण पाठवणार कुठे? मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय पाहणीनुसार (२०१५-१६) देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि आजारी माणसांतले ७० टक्क्यांहून जास्त उपचाराविनाच असतात. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. माझ्या काकांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांत दोनदा 'गोळी संपली, बाहेरून घ्या' सांगितलं. महाराजांच्या सांगण्यावरून लोक आले आणि रिकाम्या हाती परत गेले तर महाराज पुन्हा पाठवणार नाहीत. आणि बाबाचं दुकान रोज उघडं असतं, रविवारीसुद्धा.

मनोवैद्य

हा प्रश्न भाबडा नाही. या धाग्यातला सगळ्यात कठीण प्रश्न हाच आहे. रानजाई, शिबिराआधी जिल्हा रुग्णालयाकडून रिस्पेरिडोन, लिथियम, फ्लुओक्सेटिन या गोळ्यांचा निदान तीन महिन्यांचा साठा पदरात पाडून घ्या. लेखी. नसेल मिळत तर शिबिर पुढे ढकला. मी गंमत करत नाही.

रानजाई

अर्ज गेला आहे. उत्तर नाही. उद्या पुन्हा जाते.

अनिकेत_साताराकर

कायद्याचं सत्र घेतो. एका अटीवर: २०१३ च्या कायद्याची अनुसूची मी पूर्ण वाचून दाखवणार, एकही कलम गाळणार नाही. मधे कुणी 'जय हरी' म्हणून थांबवायचं नाही.

टाळकरी

थांबवणार नाही, पण मधे पाणी प्यावं लागेल, अनुसूची मोठी आहे. ताई, तारीख मार्गशीर्षात ठेवू नका. दत्तजयंतीपर्यंत गावोगावी सप्ताह असतात, एकही कीर्तनकार मोकळा मिळणार नाही. पौषात लग्नं नसतात, तेव्हा सगळे घरीच असतात. आणि शुक्रवार टाळा, मुजावर आणि मौलाना यायचे असतील तर.